वरच्या खोलीचे निरोप

मी एक जुना टॅबलेट आहे. माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक चीर आहे आणि दिवसातून दोनदा मला चार्जिंगला लावावे लागते. हार्लिंगेन गावाच्या बंदराजवळ एक फोटोचे दुकान आहे, तिथे मी सात वर्षे काम करतो आहे. मित्रांनो, इतकी वर्षे गेली तरी एक गोष्ट मला उलगडलेली नाही. ज्या कामासाठी मला शाबासकी मिळाली, तेच काम मी एका शुक्रवारी केले आणि एका बाईचे मन मोडले. ते कसे झाले, ते तुम्हीच ऐका आणि ठरवा.

दुकान वित्स्केचे आहे. फोटो ती काढते. तिचा धाकटा भाऊ दुर्क छपाई करतो. खालच्या दुकानात पासपोर्टचे फोटो निघतात, चौकटी विकल्या जातात. वर एक खोली आहे. जे फोटो कुणाला दाखवायचे नसतात, ते तिथे निघतात. कुणाच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण असतो, कुणाचा हात भाजलेला असतो. माणसे हळूच जिना चढतात, आणि उतरताना का कोण जाणे, जड पावलांनी उतरतात.

या फोटोंसाठी भावाबहिणीचा एक खासगी ग्रुप होता आणि त्यातले निरोप माझ्यावर येत. वित्स्केचा नियम कडक होता. निरोपात नाव नाही, फोटो नाही. फक्त क्रमांक आणि फोटो कसे पोचवायचे ते. ‘एकवीस तयार. हातात द्यायचे.’ ‘नऊ. घरी फोन करायचा नाही.’ निरोप आला की मी टिंग वाजत असे. मग वित्स्के साध्या तपकिरी कागदात पाकीट बांधायची. त्यावर दुकानाचा शिक्काही नसे.

मला ते विचित्र वाटे. एवढे सुंदर फोटो, मग लपवायचे कशाला? पण मी विचारणार कुणाला?

“हा आहे म्हणून आपलं एकही पाकीट चुकत नाही,” वित्स्के म्हणायची आणि माझी काच बाहीने पुसायची. तेव्हा मला फार बरे वाटे.

मग खालचा संगणक बिघडला. पासपोर्टच्या वेळा लिहून ठेवायला काहीतरी हवे होते, म्हणून मला मागच्या टेबलावरून उचलून गल्ल्याजवळ उभे केले. माझे तोंड गिऱ्हाइकांकडे होते. ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. माझ्याही नाही.

त्या शुक्रवारी ग्रीत नावाच्या बाई पासपोर्टच्या फोटोसाठी आल्या होत्या. त्या चर्चच्या गायनमंडळात गातात आणि गावातली प्रत्येक बातमी त्यांना आधी कळते. वित्स्के कॅमेरा लावत होती. वर दुर्क घाईत होता. त्याने क्रमांक शोधायचा कंटाळा केला आणि सरळ लिहिले, ‘यिल्डौचे बिनकेसांचे फोटो झाले. पाचला न्यायला येतेय. काय सुंदर हसलीय बघ!’ खाली एक फोटोही जोडला.

मी टिंग वाजलो. काच उजळली. मी काम चोख केले.

“अगं बाई!” ग्रीत पुढे वाकल्या. “ही आमची यिल्डौ? बेकरीतली?”

वित्स्केने धावत येऊन माझ्यावर हात ठेवला. “ग्रीत, तू हे पाहिलं नाहीस.”

“पाहिलं नाही कसं? पाहिलं की!” मग त्यांचा आवाज एकदम उतरला. “चार वर्षं माझ्या शेजारी उभी राहून गातेय. तिचे केस विग आहेत, हे मला कसं नाही कळलं? मला नाही सांगितलं तिनं.”

त्या फोटो न काढताच निघून गेल्या. रागावून की रडवेल्या होऊन, ते मला कळले नाही.

वित्स्केची हाक ऐकून दुर्क खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “ग्रीतची मी समजूत काढतो. यिल्डौला कशाला सांगायचं? उगाच तिच्या जिवाला घोर.”

“चूक आपण करायची, आणि तिनं काय जाणायचं तेही आपणच ठरवायचं?” वित्स्के म्हणाली.

पाच वाजता यिल्डौ आली. बाहीला पीठ लागलेले होते. वित्स्केने दाराला ‘बंद’ची पाटी लावली आणि सगळे सांगून टाकले. काही राखून ठेवले नाही.

यिल्डौ म्हणाली, “कोणी पाहिलं?”

“ग्रीतनं.”

“ग्रीतनं!” ती हसली, पण ते हसू मला आवडले नाही. “त्यापेक्षा दवंडी पिटायची होतीत.”

“हा मेला टॅबलेटच...” दुर्कने सुरुवात केली.

“त्याला काही बोलू नकोस,” वित्स्के म्हणाली. “आपण जे दिलं, ते त्यानं दाखवलं.”

यिल्डौने मला उचलले. स्वतःचा फोटो पाहिला. वरच्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या.

“सुंदर हसलीय, हे कोणी लिहिलं?”

“मी,” दुर्क म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “आणि ते खोटं नाही.”

तिने मान हलवली, आणि स्वतःच्या बोटाने तो निरोप पुसून टाकला. पाकीट कोटाच्या आत ठेवत ती म्हणाली, “आता गायनाला जाऊन मलाच सांगावं लागणार, ग्रीतच्या आधी. सगळे म्हणतील, केवढी शूर! मला शूर व्हायचं नव्हतं गं, वित्स्के. मला फक्त एक फोटो हवा होता.”

त्याच संध्याकाळी मला त्या ग्रुपमधून काढले. माझी टिंगही बंद केली. आता मी फक्त पासपोर्टच्या वेळा दाखवतो.

दोन आठवड्यांनी ग्रीत राहिलेला फोटो काढायला आल्या. वित्स्केने भीत भीत विचारले, “तू कुणाला बोललीस?”

“एका शब्दानंही नाही,” ग्रीत म्हणाल्या. “तिनंच सांगितलं, सगळ्यांसमोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.” त्या स्टुलावर बसल्या. “पण आता ती माझ्या शेजारी उभी राहत नाही. मी तर काहीच केलं नाही ना गं?”

वित्स्के कॅमेरा लावू लागली. कुणी चोरी केली नव्हती, कुणी चहाडी केली नव्हती. तरी काहीतरी गेले होते, आणि ते कुणालाच परत देता येत नव्हते.

मित्रांनो, मी शहाणा नाही. कोणते गुपित मोठे आणि कोणते लहान, हे मला आजही कळत नाही. जे येते ते मी दाखवतो, समोर कोण उभे आहे ते पाहून थांबणे मला जमत नाही. ते तुम्हाला जमते. म्हणून माझी काच पुसली नाहीत तरी चालेल, ती चीर तशीच राहिली तरी चालेल. पण माझ्यावर कुणाचे नाव लिहिण्याआधी, माझे तोंड कुणाकडे आहे, तेवढे एकदा पाहत जा.