पहिल्या रांगेतलं हसू

आत्माराम नेहेते कागद कारखान्यातून निवृत्त झाले आणि बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ घर घेऊन राहू लागले. हाताला काही काम उरलं नाही म्हणून ते विनोदी कविता करू लागले. आधी टकलावर झाली, मग कवळीवर, मग रक्तदाबाच्या गोळ्यांवर. मराठी मंडळाचे चिटणीस लीलाधरभाऊ त्यांना दर कार्यक्रमात पाच मिनिटं देत. लोक बऱ्यापैकी हसत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या स्नेहमीलनात त्यांनी बायकोवर कविता वाचली. सुमित्राबाईंना अलीकडे जरा कमी ऐकू येत होतं. बोलण्याबोलण्यात घरात गमती होत. त्याच त्यांनी जुळवल्या होत्या.

मी म्हटलं, दे गं थोडा चहा,
ती म्हणाली, वाजले दहा.
मी म्हटलं, दुखते माझी पाठ,
ती म्हणाली, पोळ्या केल्या आठ.
मी म्हटलं, तू दिसतेस छान,
ती म्हणाली, खाऊ नका पान.
चाळीस वर्षं संसार केला,
एक शब्द नाही भांडणात गेला.
गुपित सांगतो सुखाचं खरं,
बायकोला ऐकू न आलेलं बरं.

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. आत्मारामांनी पहिल्या रांगेत बसलेल्या सुमित्राबाईंकडे पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून सगळ्यांपेक्षा जास्त हसत होत्या. मनात थोडी धाकधूक होती, ती तिथेच संपली.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ मोबाइलवर फिरला. कारखान्यातल्या जुन्या मंडळींचे भुसावळहून, नागपूरहून फोन आले. मंडळाच्या स्मरणिकेत कविता चौकट टाकून छापली गेली. इतवाऱ्याच्या बाजारात भाजीवालासुद्धा सुमित्राबाईंना पाहून म्हणायचा, "काकू, वाजले दहा?" आत्माराम पिशवी धरून बाजूला उभे राहत आणि मान डोलवत.

पुढे सुमित्राबाई बाजाराला येईनाशा झाल्या. गुरुवारचं भजन सुटलं. शेजारची वंदना बोलवायला यायची, तीही थांबली. आत्मारामांना वाटलं, गुडघे दुखत असतील. वय झालं की माणूस घरात बसतो, एवढंच त्यांनी धरलं. विचारलं मात्र नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत त्यांची मुलगी जयश्री आठ दिवस राहायला आली. ती खकनारला शाळेत शिकवते. दुसऱ्याच दिवशी तिने वडिलांना गाठलं.

"अण्णा, आई नुसती मान हलवते. मी तिला सांगितलं, माझी बदली होतेय, तर म्हणाली हो हो, कर."

"तिला कमी येतं ऐकू."

"कमी नाही, येतच नाही जवळजवळ. डॉक्टरकडे कधी नेलंय?"

नेलं नव्हतं. तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी कानांची तपासणी केली, कागदावर रेषा काढल्या आणि विचारलं, "कब से है ये?"

जयश्रीने आईच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं. सुमित्राबाई म्हणाल्या, "दहा-बारा वर्षं झाली असतील. डावा तर आधीच गेला."

आत्मारामांना वाटत होतं, दोनेक वर्षं झाली असतील.

"घर में किसी का ध्यान नहीं गया?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

जयश्रीने वडिलांकडे पाहिलं. "गया था, डॉक्टरसाब. कविता लिखी थी उस पे."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी मशीन लावायला सांगितलं. जयश्रीने ते आईला समजावलं, तशा सुमित्राबाई खुर्चीतून उठल्या.

"मशीन नको मला. त्याच्यावर दुसरी कविता होईल."

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर आत्मारामांना सोपं गेलं असतं. बाजारात भेंडी नको म्हणावं, तशा आवाजात त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर जयश्री आत स्वयंपाकाला लागली. आत्माराम खुर्ची ओढून बायकोच्या समोर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "पण तू तर हसली होतीस. पहिल्या रांगेत बसून. मी पाहिलं होतं."

"सगळे हसत होते. माझ्याकडे बघून हसत होते. मी नसते हसले तर वेडी दिसले असते."

"म्हणजे तुला ऐकू आली नव्हती?"

"एक शब्द नाही. मला वाटलं, कवळीची असेल. मंडळाचं पुस्तक घरी आलं तेव्हा वाचली."

"मग तेव्हाच बोलायचं ना."

"काय बोलू? छापून झाली होती."

मग सुमित्राबाईंनीच विचारलं, "त्यात एक आहे, तू दिसतेस छान. असं तुम्ही कधी म्हणालात? मी पुष्कळ आठवून पाहिलं. तुम्ही म्हटलंच नाही, की मला ऐकू आलं नाही, ते मला कसं कळणार?"

म्हटलं होतं, असं सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं असतं. आत्मारामांच्या ओठांवर ते आलंही होतं.

"नव्हतं म्हटलं," ते म्हणाले. त्यांना ते दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा ते हळू बोलले. "पानाशी यमक जुळत होतं, म्हणून घातलं."

"असं होय," म्हणून सुमित्राबाई लसूण सोलू लागल्या.

जयश्रीने हट्ट करून मशीन आणलंच. सुमित्राबाई ते पदराआड लपवून वापरू लागल्या. आत्मारामांनी लीलाधरभाऊंना फोन करून सांगितलं, ती कविता मी यापुढे वाचणार नाही, मोबाइलवरूनही काढून टाका. लीलाधरभाऊ हसले. "आता ती तुमची कुठे राहिली, भाऊ? माझ्या नातवाला पाठ आहे."

संक्रांतीच्या स्नेहमीलनाला दोघंही गेली. सुमित्राबाई येते म्हणाल्या, तेव्हा आत्मारामांना बरं वाटलं आणि भीतीही वाटली. कार्यक्रम दुपारचा होता. त्यांनी स्वतःच्या कवळीची जुनी कविता वाचली. लोक बेताने हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "वाजले दहा होऊन जाऊ द्या."

"ती नको," आत्माराम माइकवर म्हणाले.

लीलाधरभाऊ उठून शेजारी आले, त्यांनी माइक आपल्याकडे वळवला आणि सुरुवात केली, "मी म्हटलं, दे गं थोडा चहा..." पुढची ओळ अख्ख्या सभागृहाने म्हटली. मग सगळी कविताच लोकांनी म्हटली, टाळ्यांच्या तालावर. आत्माराम मधोमध उभे होते. सुमित्राबाई तिसऱ्या रांगेत ताठ बसल्या होत्या. या वेळी त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि त्या हसत नव्हत्या.

शेवटची ओळ झाल्यावर आत्मारामांनी माइक ओढून घेतला. "ही कविता खोटी आहे," ते म्हणाले. "तिला बारा वर्षं ऐकू येत नव्हतं आणि मला माहीत नव्हतं. आणि छान दिसतेस, असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही."

लोक पुन्हा हसले, आधीपेक्षाही जास्त. लीलाधरभाऊंनी त्यांची पाठ थोपटली. आत्माराम बोलणं सोडून खाली उतरले. सुमित्राबाई चपला घालून दारात उभ्याच होत्या.

रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "शेवटच्या ओळीला फार टाळ्या पडतात."

मग गाड्यांचे भोंगे सहन होईनात म्हणून त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं. आत्माराम त्याच वेळी काही सांगायला लागले होते. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा त्यांना ओरडावंच लागलं.

"माझं चुकलं, सुमित्रा."

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "बाबूजी, रोकूँ क्या?"

"नहीं भैया, चलो," सुमित्राबाई म्हणाल्या. चालकाचं वळणं त्यांना दिसलं होतं. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐकलं मी. ओरडू नका रस्त्यात."

यापलीकडे त्या विषयावर त्या बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, की माफ केलं, ते आत्मारामांना कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी कविता करणं सोडलं नाही, पण लिहिलेलं कुणाला दाखवत नाहीत. एकदा सकाळी सुमित्राबाई लुगडं बदलून बाहेर आल्या, तेव्हा ते छान दिसतेस म्हणणार होते, पण आता म्हटलं तर तेही कवितेतलंच वाटेल, म्हणून गप्प बसले.

फेब्रुवारीपासून सुमित्राबाई पुन्हा गुरुवारच्या भजनाला जाऊ लागल्या. आत्माराम त्यांना स्कूटरवर इतवाऱ्यात सोडतात आणि भजन संपेपर्यंत मंदिराबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहतात. कधीकधी आतून कुणा बाईच्या तोंडून 'वाजले दहा' ही ओळ ऐकू येते, मग बायकांचं हसणं. तेव्हा ते मान खाली घालतात आणि आत सुमित्राबाई काय उत्तर देतात, ते ऐकायचा प्रयत्न करतात.