फाट्यावर थांबणारी गाडी नको

पैसे बायकांचे आन् गाडी निवडणार पुरुष. आता बोला! मी रंगूबाई, वरच्या खडपवाडीच्या बचत गटाची अध्यक्ष. गटात आम्ही अकरा बायका, माझी सून धरून. सहा वर्षं महिन्याला पन्नास-पन्नास रुपये टाकले, तवा कुठं पोलादपूरच्या बँकेनं गाडीसाठी कर्ज मंजूर केलं. दोन हजार तीन सालची गोष्ट. मंजुरीचं पत्र येऊन दोन दिवस झाले नायत तर माझा धाकटा दीर भागोजी ओटीवर येऊन बसला आन् बोलला, "वयनी, गाडीतलं तुम्हाला काय कळतंय? मी बघतो सगळं."

भागोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका शेठचा ट्रक चालवायचा. आख्ख्या वाडीत लायसन असलेला तो एकटाच, त्यामुळं चढेल. मी लग्न होऊन आले तवा हा नाक पुसायला माझा पदर धरायचा. आता मलाच शिकवतोय.

त्याचं सगळं आधीच ठरलेलं. लांब हौद्याची मोठी गाडी घ्यायची. आठवडाभर ती महाडला राहणार, कंपन्यांची पिंपं वाहणार, भाडं कमावणार. मंगळवारी आन् शुक्रवारी सकाळी खाली फाट्यावर येणार आन् आमची भाजी बाजारात नेणार.

"फाट्यावर?" मी विचारलं.

"मग! एवढी मोठी गाडी वर कशी येईल? तुम्ही माल फाट्यावर आणून ठेवायचा. आजवर आणताच की."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फाटा म्हंजे महाबळेश्वरच्या रस्त्याला जिथं आमची वाट लागते ती जागा. तिथनं वाडी साडेतीन किलोमीटर, सगळा चढ. एसटी फाट्याला थांबते, जीप फाट्याला थांबते. रस्त्यावर डांबर पडून दोन वर्षं झाली तरी वर कोणी येत नाय. भाजी डोक्यावरनं खाली, तांदूळ डोक्यावरनं वर, खत डोक्यावरनं वर. गेल्या साली माझी सून अंकिता चौथ्या महिन्यात असताना खताची पिशवी घेऊन चढली आन् तिसऱ्या दिवशी तिचं पोटातलं गेलं. डॉक्टरीण बोलली, वझं उचलायचं नाय. मी बोलले, बाय, मग तू येतेस काय उचलायला? वाईट बोलले मी, तिचा काय दोष. पण जीव जळत व्हता.

म्हणून गाडी. वझं डोक्यावरनं उतरावं म्हणून गाडी. आन् हा शहाणा बोलतो, गाडी घ्या आन् तिच्यापर्यंत वझं डोक्यावर न्या!

"भागोजी," मी बोलले, "गाडी माझ्या दारात आली पायजे. नाय आली तर ती गाडी नाय."

"रेड्याचं वळण बघितलंय ना? तिथं कुठली गाडी वळणार?"

रेड्याचं वळण म्हंजे आमच्या रस्त्याचं शेवटचं वळण. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. एकदा एक रेडा तिथनं खाली गेला व्हता, म्हणून हे नाव. सगळे ड्रायवर त्या वळणाचंच निमित्त सांगतात. बरं झालं, त्यानंच मला आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी मी आन् अंकिता सुंभाची दोरी घेऊन वळणावर गेलो. वळणाच्या आधी रस्ता किती रुंद, मधोमध किती, पुढं किती, सगळं मापून दोरीला गाठी मारल्या. अंकिता बारावी झालेली, तिनं वहीत वळणाचं चित्रपण काढलं. परत आलो तर आमचे हे ओटीवर बसले व्हते. "काय गो, दोरीनं गाडी बांधून आणणार काय?" बोलले. मी बोलले, "तुमच्या भावाला बांधीन आधी."

महाडला हायवेवरच्या शोरूममध्ये आम्ही पाच बायका आन् भागोजी गेलो. धवल नावाचा सेल्समन व्हता, गळ्यात टाय, बोलायला गोड. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला आन् सगळं बोलणं भागोजीशी सुरू केलं. इंजिन असं, ताकद तशी, दसऱ्याच्या आत बुकिंग केलंत तर ताडपत्री मोफत. मी दोनदा खोकले. तिसऱ्या वेळी टेबलावर दोरी आपटली.

"साहेब, ही गाडी एवढ्यात वळते काय?"

त्यानं दोरीकडे बघितलं, मग भागोजीकडे. भागोजीनं मान खाली घातली. लाज वाटली असणार माझी.

"मावशी, तुम्ही हायवेवर ट्रायल घ्या ना," धवल बोलला. "एकदम मस्त पळते."

"पळू नको देऊस. वळूंदे."

शोरूमच्या मागं मोकळं आवार व्हतं. वही बघून अंकितानं तिथं वळण मांडलं. कातळाच्या बाजूला विटा लावल्या. दरीच्या बाजूला लावायला काय मिळेना, म्हणून आम्ही पाचीजणींनी चपला काढून ओळीनं ठेवल्या. दहा चपला, ती दरी. शोरूमची पोरं खिडकीतनं हसत व्हती. हसा, बोलले मनात, तुमच्या आयांनी कवा वझं वाहिलं नसेल.

आधी तीनचाकी टेंपो आणला. सगळ्यात स्वस्त, वळला पण झकास. पण पाच पोती भरून आमचा चढ चढेल काय विचारलं तर धवल खोटं बोलला नाय, ते एक बरं. "मावशी, तेवढा चढ नाही झेपणार," बोलला. मग भागोजीची लांब गाडी. तो स्वतः बसला स्टेरिंगवर, ऐटीत. वळवली, आन् मागचं चाक सात चपलांवरनं गेलं. शेजारच्या कुशाबाच्या बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला.

"भागोजी," मी बोलले, "गेलास की रे दरीत!"

"मागं-पुढं करून निघेल," तो बोलला. कान लाल झाले व्हते.

"मागं कुठं? मागं कातळ हाय."

तिसरी गाडी मधली. ना लहान, ना मोठी. हौदा आखूड पण उंच फाळक्याचा, आमची अकराजणींची भाजी बसेल असा. धवलनं स्वतः वळवली. एका दमात वळली, एक चप्पल हलली नाय. मला तिथंच रडू फुटलं असतं, पण भागोजीसमोर रडायचं नाय असं ठरवूनच गेले व्हते.

"हीच," मी बोलले.

आता खरी पंचाईत. मधल्या गाडीची किंमत आमच्या कर्जाच्या वर बावीस हजार जात व्हती. भागोजी लगेच खुलला. "बघ वयनी, परवडत नाय. लांब गाडीवर सूट हाय, ती बसते."

मी धवलला बोलले, "हिच्यात काय काय हाय ते सांग."

त्यानं यादी वाचली. टेप, पुढं चकचकीत गार्ड, मऊ सीटा, दोन रंगांचा पट्टा, पावर स्टेरिंग.

"टेप काढ. आमच्यात गायला माणसं हायत. गार्ड काढ. पट्टा काढ. सीटवर आम्ही गोणपाट टाकू. आन् ते पावर काय ते काढ."

"मावशी, मग कर्जात बसेल, पण असं साधं मॉडेल इथे कोणी घेत नाही. मागवावं लागेल. महिना जाईल."

"जाऊंदे. आम्हाला थांबायची सवय हाय."

मग भागोजी उठलाच. "पावर स्टेरिंग नसलं तर त्या वळणावर खांदे तुटतील. मी नाय चालवणार. बघतो मी, ड्रायवर कुठनं आणतेस ते."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. ड्रायवर नाय तर गाडी काय चुलीत घालायची? पण आता माघार घेतली असती तर जन्मभर फाट्यावरच राहिलो असतो. मी अंकिताला बोलले, "लिही गो. साधी गाडी, पांढरी." कागदावर आम्ही दोघींनी सह्या केल्या. भागोजी एसटीनं एकटाच परत गेला.

पोलादपूरला चांगू म्हणून एक वडापची, म्हंजे सीटा भरून पळणारी, जीप चालवायचा. त्याला भेटले, महिन्याच्या पगारावर ठरवला. खांद्याचं विचारलं तर बोलला, "रंगूताय, माझी जीप कुठं पावरची हाय?"

गाडी मंगळवारी आली. बायकांना सांगून ठेवलं व्हतं, सकाळी सातला माल तयार ठेवा. मी आन् अंकिता चांगूबरोबर महाडवरनं निघालो, गाडीला झेंडूचा हार घातलेला. फाट्यावर पोचलो आन् बघते तर काय! नऊच्या नऊ बायका फाट्यावर उभ्या. काकडीच्या पाट्या, पडवळांचे भारे, भोपळ्यांची पोती, सगळं डोक्यावरनं साडेतीन किलोमीटर खाली आणलेलं.

"अगो, कुणी सांगतलं खाली आणायला?" मी ओरडले.

कुशाबाची बायको बावरली. "गाडी येणार बोललीस ना गो. मग सवयीनं आणलं. आजवर गाडी फाट्यावरच आली ना?"

भागोजी पानाच्या टपरीजवळ बसला व्हता. असा हसला की टपरीवाला पण बघायला लागला. "मी काय बोललो व्हतो, वयनी? माल फाट्यावरच येतो. घ्यायची ना लांब गाडी!"

मला एवढं झोंबलं, एवढं झोंबलं! कारण त्या घडीला त्याचं खरं व्हतं. गाडी आली, कर्ज डोक्यावर बसलं, आन् वझं पण डोक्यावरच.

"भरा हौद्यात," मी बोलले. "बायकांनो, तुम्ही पण चढा. चांगू, गाडी वर घे."

"रंगूताय, माल इथंच हाय, बाजार खाली हाय. वर जाऊन काय करायचं? बाजार चुकेल."

"चुकूंदे. वर घे बोलले ना!"

गाडी चढाला लागली. हौद्यात बायका आधी खिदळत व्हत्या, रेड्याच्या वळणावर त्यांनी एकमेकींच्या दंडाला धरलं. चांगूनं सगळा जोर लावून स्टेरिंग ओढलं आन् गाडी एका दमात वळली. मग असा काय गिल्ला झाला की कातळावरची वानरं पळाली.

वाडीत मी फाळका पाडायला लावला. "आता जिची पाटी तिनं आपल्या उंबऱ्यावर नेऊन ठेवा. चांगू दारोदार गाडी लावेल. तिथनं भरायचं."

"वेड लागलं काय गो तुला? भरलेला माल उतरवून परत भरायचा?" कुशाबाची बायको बोलली.

"लागलं. ठेवा."

ठेवला. चांगूनं एकेका दारापुढं गाडी लावली, आन् बायकांनी उंबऱ्यावरनं पाट्या उचलून हौद्यात टाकल्या. चार पावलं. अंकिताला मी हात लावू दिला नाय. तेवढ्यात भागोजी चढ चढून घामाघूम होऊन पोचला. "अर्धा बाजार गेला. डिझेल फुकट जाळलंस," बोलला.

"जाळलं. आन् ऐका गो सगळ्या, शुक्रवारी कुणी बाई वझं घेऊन उतारावर दिसली तर तिची पाटी मी माझ्या हातानं दरीत लोटीन. मग माझ्याशी भांडा."

त्या दिवशी काकडी निम्म्या भावात गेली. घरी आमचे हे पण रागावले. रागावूंदेत.

शुक्रवारी सात वाजता चांगूनं वाडीत हॉर्न मारला. मी बाहेर येऊन बघितलं. दहाच्या दहाजणी आपापल्या दारात उभ्या व्हत्या, पाट्या खाली पायाशी, आन् डोक्यावर नुसता पदर.