मागचं चाक हवेत

मी एक मोटारहोम बोलतेय. म्हणजे चार चाकांवरचं घर. घर म्हणून बघाल तर मी इतकी अरुंद, की आत एकाने वळायचं म्हटलं तर दुसऱ्याला बाहेर जावं लागतं. आणि गाडी म्हणून बघाल तर इतकी अगडबंब, की मला वळवायचं म्हटलं तर अख्खी गल्ली बाहेर येते. दोन्हीकडून पंचाईत. तरी तोरा असा, की जणू जगातले सगळे रस्ते माझ्यासाठीच झाडून ठेवलेत.

खरं तर मी जन्माने मोटारहोम नाही. मी बेकरीची गाडी होते. भल्या पहाटे पाव भरायचे आणि दुकानादुकानांतून उतरवायचे, एवढंच काम. पावापेक्षा जड काही उचलल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे अंगात ताकद किती, हा प्रश्न कधी आलाच नाही आणि मी स्वतःला फार बलवान समजत राहिले. पुढे बेकरीवाल्याने नवी गाडी घेतली आणि मी भिंतीकडेला उभी राहिले. माझ्या टपावर मांजरी ऊन खात पडायच्या. पाहुणे आले म्हणून मी तेवढ्यातही खूश.

मग एक दिवस गणिताचे एक सर आले. त्यांनी माझ्याभोवती चक्कर मारली, कलिंगड वाजवून बघावं तसं मला बोटाने वाजवलं आणि म्हणाले, "हिच्यात खूप वाव आहे." आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला माझ्यात काही दिसलं होतं. मी पाघळले.

सरांनी शाळेची एक अख्खी सुट्टी माझ्यात घालवली. कपाटं, पलंग, बेसिन, पाण्याची टाकी, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. कागदावर ते अचूक होतं. प्रत्यक्षात पलंग उघडला की कपाट उघडायचं नाही, आणि बेसिनमधलं पाणी भोक सोडून बरोबर दुसऱ्या कोपऱ्यात जमायचं. टाकी त्यांनी अगदी मागे, डाव्या बाजूला बसवली आणि तिच्यावर सगळ्यात मोठं कपाट. मी त्या अंगाला कलले, खांद्याला जड पिशवी लटकावलेल्या माणसासारखी. मला वाटायचं, काय ऐटीत उभी आहे मी!

घरात माणसं चार. सर, दातांची डॉक्टर असलेली त्यांची बायको, शाळा संपवून दुसऱ्या शहरात शिकायला निघालेली लेक, आणि सरांची आई. आजींचा गुडघा आखडलेला. त्यांनी पहिल्याच दिवशी मागचा पलंग ताब्यात घेतला आणि पत्ते मांडले. लेक घर सोडण्याआधी सगळ्यांनी मिळून एकदा भटकून यायचं, असं ठरलं होतं.

चालवायचं मात्र फक्त सरांनी. "हिची सवय लागते," ते बायकोला सांगायचे. डॉक्टरीणबाई "बरं" म्हणायच्या. त्या "बरं"मध्ये बरंच काही असायचं.

पहिले दिवस मजेत गेले. चढावर कपाटं आपोआप उघडायची आणि चमचे घरंगळत आजींना भेटायला जायचे. सायकलवाले मागून येऊन पुढे निघून जायचे, जाताना हातही हलवायचे. मला वाटायचं, किती ओळखतात लोक मला!

एका सकाळी आम्ही डोंगरापलीकडच्या तळ्याकडे निघालो. मोठा रस्ता डोंगराला वळसा घालून जात होता. सरांच्या मोबाइलवर मात्र जंगलातून एक रेषा दिसली.

"बारीक दिसतेय रेषा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बारीक असली तरी सरळ आहे. दोन बिंदूंमधलं कमीत कमी अंतर..."

"बाबा, सुट्टी चालू आहे," लेक म्हणाली.

आम्ही वळलो. सुरुवातीलाच चाकाखाली काहीतरी कडकडलं. मला वाटलं, वाळकी फांदी असेल. ती 'रस्ता बंद' अशी पाटी होती, पालथी पडलेली, हे नंतर कळलं. बंदीच्या पाटीवरून ऐटीत चालत गेलेली गाडी मी एकटीच असेन.

पुढे डांबर संपलं, मग खडी संपली. राहिला ओला चिखल. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी आणि मधे मी. वळायला जागा नाही, आणि एवढ्या वळणांवरून उलटं जाण्याची कुणाची छाती नाही. चढ लागला. सरांनी पाय दाबला. मी बेकरीच्या दिवसांतला सगळा आव आणून हुंकार भरला. पुढची चाकं जागच्या जागी फिरली, मी जराशी मागे सरकले, आणि मागच्या डाव्या चाकाखालची कड ढासळली.

चाक हवेत. खाली काहीच नाही. इतका वेळ मिरवलेलं माझं सगळं वजन मला त्या क्षणी कळलं.

"कुणी हलू नका," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

मागून आजी म्हणाल्या, "अरे, माझे पत्ते एका बाजूला का चाललेत?"

माझं मोठं दार डाव्या बाजूला, म्हणजे नेमकं दरीवर. आजींना उतरवायला वाट एकच, सरांच्या बाजूचं पुढचं दार. लेक सरांच्या मांडीवरून आधी उतरली आणि तिने पुढच्या चाकांमागे दगड लावले. सरांनी ब्रेकवरचा पाय काढायच्या आत डॉक्टरीणबाईंनी शेजारून स्वतःचा पाय ठेवला आणि त्या सीटवर सरकल्या. मग सर पोटावर सरपटत आईपर्यंत गेले.

"आई, माझा हात धर. बसल्या बसल्या पुढे सरक."

"मला भीती वाटतेय रे."

"मलापण."

सरांना तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आजी इंचाइंचाने पुढे आल्या. त्या सरकल्या की मी कुरकुरायचे, आणि मी कुरकुरले की सगळ्यांचे श्वास अडकायचे. गप्प बसावं एवढी साधी अक्कल मला नव्हती. शेवटी लेकीने आजींना खाली घेतलं आणि घट्ट मिठी मारली.

पण मी तशीच लटकत होते, आणि डॉक्टरीणबाई आत. चिखलात नुसत्या दगडांचा भरवसा नव्हता; पाय काढला असता तर मी घसरले असते.

सर पुन्हा मागे गेले. त्यांनी टाकीचा नळ सोडला. पाणी दरीत पडायला लागलं. ते खाली पोचल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग त्यांनी मोठं कपाट सोडवायला घेतलं. स्क्रू भलतेच घट्ट होते. आपण काम चोख केल्याचा राग सरांना त्या दिवशी पहिल्यांदा आला असावा. एकेक फळी ते उजव्या खिडकीतून लेकीकडे देत होते. तिने कपाटाची दारं पुढच्या चाकांपुढे, चिखलात दाबून बसवली.

"आता तू उतर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी काढते."

"अगं, तू कधी चालवली नाहीस ही."

"तू कधी दरीतून काढली आहेस का?"

सर खिडकीतून बाहेर पडले. डॉक्टरीणबाईंनी माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवला आणि दवाखान्यात बोलतात त्याच आवाजात मला म्हणाल्या, "घाबरायचं नाही. अंग सैल सोडा. थोडंसं दुखेल."

मला दात आहेत ते फक्त गिअरचे, पण तेही शहारले.

त्यांनी मला हळूच पुढे घेतलं. जराही घाई नाही. चाकं दारांवर चढली. दारं कडाकड मोडली, पण मोडता मोडता त्यांनी मला धरलं. पोट खरवडलं, मागचं चाक कडेला आपटलं, आणि मी वर आले. वर येताना माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो कुठल्याही प्रतिष्ठित वाहनाला शोभणारा नव्हता.

सर चिखलातच बसले. बराच वेळ त्यांनी त्या फळ्यांच्या तुकड्यांकडे पाहिलं.

"छान होती गं दारं."

"छानच होती," डॉक्टरीणबाई त्यांच्याशेजारी बसत म्हणाल्या. "मजबूत होती, म्हणून तर वर आली गाडी." सरांनी त्यांचे हात आपल्या हातात घेतले.

पुढच्या रस्त्यावर मला डॉक्टरीणबाईंनीच चालवलं. लेक पुढे चालत जमीन बघायची आणि सर शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायचे. संध्याकाळच्या आत तळं आलं. कपडे जमिनीवर पडलेले, प्यायला पाण्याची एक बाटली. आजी पलंगावर पाय पसरून म्हणाल्या, "आता कुठे श्वास घ्यायला जागा झाली इथे."

त्याला आता बरेच दिवस झाले. मी घरापुढे असते. पोटावरचा ओरखडा आहे तसाच आहे. लेक सुट्टीला आली की माझ्यावर गाडी शिकते. फाटकाच्या खांबाची आणि माझी तिने चांगलीच ओळख करून दिली आहे, आणि चढावर तर ती मला हमखास बंद पाडते.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. एखाद्या सकाळी तुमच्यापुढे एक पांढरी, बोजड, डाव्या अंगाला पोचे आलेली गाडी रस्ता अडवून चाललेली दिसली, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. आत एक मुलगी जीव मुठीत धरून शिकतेय. शेजारी तिचे बाबा आहेत, डोळे गच्च मिटून बसलेले, आणि तिला सांगताहेत, "छान जमतंय, छान जमतंय."