डावी बाटली, उजवी बाटली

डावी.

तेजस्वीनं पिंजऱ्याची डावी बाटली काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि जागच्या जागी उडी मारली. पाणी जवळजवळ तसंच. मग उजवी. निम्म्याच्या खाली.

"आबा, बघा. प्यायलंय."

तिचे वडील आकाराम प्रयोगशाळेच्या दारात चपला काढत होते. काल तिनं शेजारच्यांच्या फोनवर नुसता 'या' एवढाच निरोप दिला होता आणि ते सकाळच्या एसटीनं पेठ वडगावहून आले होते. पोरगी विद्यापीठात उंदरांवर कसलासा अभ्यास करते, एवढंच त्यांना माहीत.

"काय प्यालंय?"

"दारू. पाण्यात मिसळलेली."

उजवी.

सांगताना तिची वाक्यं एकमेकांच्या अंगावर चढत होती. दोन घराणी, आबा. एक पिणारं, एक न पिणारं. ह्याचे आईबाप पिणारे. जन्मला त्याच दिवशी उचलून न पिणाऱ्या उंदरीपाशी ठेवला. तिचंच दूध प्यायला, तिच्याच कुशीत वाढला. आणि आता दोन्ही बाटल्या समोर आहेत तर—

"तर ह्यो हिकडंच." आकाराम वाकले होते. "आनि त्या सोवळ्याचं प्वार ह्याच्या आईकडं टाकलं तर?"

"टाकलंय की. ते पाणीच पितंय."

"आयला."

"मेंदूत एक रसायन असतं. सेरोटोनिन. पिणाऱ्या घराण्यात ते मुळातच कमी. म्हणजे ही नुसती मस्ती नाही, आबा. आतनंच काहीतरी तिकडं ओढतं."

उंदीर मागच्या पायांवर उभा राहून नळी चाटत होता. मिश्या थरथरत होत्या.

आबा पिऊन आले की आज्जी त्यांना राक्षस म्हणायची. नऊ वर्षांपूर्वी अंगणात, सगळ्या भावकीसमोर, आबा स्वतःच म्हणाले होते, "व्हय, मी राक्षस हाय." त्या दिवसापासून थेंब नाही. आणि त्या दिवसापासून ते कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते, तिच्याही.

"तुमचा दोष नव्हता," तेजस्वी म्हणाली.

आकारामांनी मान वर केली. सरळ तिच्याकडे पाहिलं.

"न्हवता व्हय?"

"नव्हता."

ते हसले. मोठ्यानं, पोट हलवून. शेजारच्या पिंजऱ्यातली पिल्लं कोपऱ्यात पळाली.

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय गं? नऊ वर्सं सवतालाच खात बसलोय. उंदराला इच्यारलं असतं तर मोकळा झालो असतो की."

तीही हसली. इतकी, की डोळे पुसावे लागले.

अदलाबदल.

बाटल्यांच्या जागा रोज बदलायच्या असतात. नाहीतर उंदराला बाजूची सवय लागते आणि तो दारू निवडतोय की नुसता उजवीकडे जातोय, हे कळत नाही. तेजस्वीनं पाण्याची बाटली उजवीकडे अडकवली, दारूची काठोकाठ भरली, बूच घ्यायला हात पुढे केला.

"आबा, धरा जरा."

बूच टेबलाखाली घरंगळलं. ती गुडघ्यांवर बसून, एकीकडे बोलत, ते शोधत राहिली. पुढच्या खेपेला आणखी पिल्लं, आबा, मग मुंबईला परिषद, मग—

बूच सापडलं.

ती उठली. बाटली त्यांच्या दोन्ही हातांत होती, छातीपाशी. तोंड उघडं. डोळे मिटलेले. नाकपुड्या हलत होत्या.

तिच्या हातात बूच होतं. ते पुढे करावं हेही तिला सुचेना. नऊ वर्षं त्यांना दारूपासून रोखणारा राक्षस तर तिनं आत्ताच त्यांच्याकडून काढून घेतला होता.

"आबा."

त्यांनी डोळे उघडले. तिच्या हातातलं बूच घेतलं, दाबून बसवलं.

"ही आता कुटं?"

"डावीकडं."

त्यांनी बाटली डावीकडे अडकवली. उंदीर उजवीकडे गेला, नळी हुंगली, थांबला, मागं वळला. तो डावीकडे पोचून प्यायला लागेपर्यंत आकाराम बघत राहिले.

"तेजा, तुझी गाडी हाय न्हवं खाली?"

"आहे की."

"मग घरापतोर सोड मला. ते उंदराचं वाटंत परत सांग."

"वडगावपर्यंत? एसटी आहे की आत्ता."

"व्हय," ते चपला घालत म्हणाले. "पर आज एकट्यानं नगं."