धुतली, पुसली आणि परत पाठवली

मित्रांनो, मी एक नवीकोरी मोटारगाडी आहे. आपली कहाणी सांगायला बसतात ते बहुतेक म्हातारे असतात. कुणाला गंज चढलेला, कुणी अडगळीत पडलेला. माझ्या तर मागच्या सीटवरचे प्लास्टिकसुद्धा अजून निघालेले नाही. तरीही मला माणसांचा वीट आला आहे. शी!

माझा जन्म कारखान्यात झाला. महिनाअखेर होती आणि सगळ्यांना घाई होती. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या माझ्या पंपाकडे जाणारी एक वायर चालकाच्या सीटखालून जाते. ती खाचेत दाबून बसवायची असते. बसवणाऱ्याने ती तशीच वर टाकली आणि तिच्यावर गालिचा अंथरला. तपासणाऱ्याने गालिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "झकास! ढकला पुढे." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी माझी झाकली वायर. सीट अगदी पुढे ओढली की तिची लोखंडी पट्टी त्या वायरवर चढायची. मग एखाद्या धक्क्याने वायर दबली की पंप थांबायचा आणि मी बंद. सीट मागे सरकवली की मी पुन्हा ठणठणीत. हे मला ठाऊक होते, पण मला हॉर्न आहे, तोंड नाही.

मला घेतले एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. पन्नाशी उलटल्यावर त्या हौसेने गाडी चालवायला शिकल्या होत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, अंधुक दिसू लागले होते. डोळे वाचवायचे तर उपचार चुकवून चालणार नव्हते. बाई म्हणाल्या, "ताई, आता कुणाच्या मिनतवाऱ्या नकोत. मी नेईन तुला." बाई चणीने बुटक्या. त्या सीट पार पुढे ओढून, जवळजवळ स्टिअरिंगला नाक लावून बसायच्या. आता माझे काय झाले असेल, ते तुम्हीच ओळखा.

पहिल्याच आठवड्यात मी भर चौकात बंद पडले. मागून कुणीतरी ओरडला, "चालवता येत नाही तर घरी बसा!" बाईंचे कान लाल झाले. सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक आला. लांब पायांचा तो गडी आधी सीट मागे सरकवून ऐसपैस बसला आणि त्याने किल्ली फिरवली. मी लगेच सुरू झाले.

तिथून माझी वरात सुरू झाली. सर्व्हिस सेंटरच्या प्रमुखाला मी मनात साखरतोंड्या म्हणत असे. त्याने आधी माझी बॅटरी बदलली. पुढच्या खेपेला प्लग बदलले. त्याच्या पुढच्या खेपेला पेट्रोलच भेसळीचे ठरले. गालिचा उचलून बघावा, असे एकालाही वाटले नाही. प्रत्येक वेळी मला फेसाने धुवायचे, पॉलिश करायचे आणि आत गुलाबाचा तो गुळमट वास फवारायचा. मला अक्षरशः मळमळायचे. आजाऱ्याला पावडर लावून घरी पाठवायचे, असला तो प्रकार. वर साखरतोंड्या लाडीगोडीने म्हणायचा, "मॅडम, गाडी एकदम ओके आहे. क्लच सोडताना जरा घाई होते का तुमची?"

त्याहून जास्त चीड आणली बाईंच्या यजमानांनी. तेही चांगले उंच. "मी चालवतो तेव्हा बरी चालते ती!" ते म्हणाले. "हे बघ, आता एकदा जरी बंद पडली ना, तर किल्ली माझ्याकडे. मला सवड होईल तेव्हा नेईन ताईंना." त्यांना सवड कधी होते, हे घरात सगळ्यांना माहीत होते. त्या दिवसापासून किल्ली फिरवताना त्यांचा हात कापू लागला. दुसऱ्यांचे दात उपटणारा तो खंबीर हात!

आणि मी पुन्हा बंद पडले. पुलाच्या चढावर, डोळ्याला पट्टी बांधलेल्या ताईंना घेऊन येताना. दोन्ही बाजूंनी ट्रक धडधडत होते. मेकॅनिक आला, ऐसपैस बसला आणि मी सुरू झाले. मला माझीच किळस आली.

मागून ताई म्हणाल्या, "कमाल आहे बाई! हे लंबूटांगे बसले की चालते आणि तू बसलीस की रुसते. हिला काय तुझ्या उंचीचा राग आहे का गं, बुटके?"

बाई हसल्या नाहीत. मागे सरकलेल्या सीटकडे त्या बघतच राहिल्या.

मी पुन्हा बंद पडल्याचे कळताच यजमान सर्व्हिस सेंटरवर येऊन थांबले होते. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. साखरतोंड्याने विचारले, "मॅडम, मस्त धुऊन ठेवू?"

"खबरदार पाण्याचा थेंब लावलात तर!" बाई कडाडल्या. "माझ्याकडे कुणी दात दुखतो म्हणून आला, तर मी त्याला नुसत्या चुळा भरायला लावून परत पाठवते का? बसा आत. आज तुम्ही चालवायची. आणि सीटला हात लावायचा नाही."

त्यांनी सीट पार पुढे ओढली. साखरतोंड्या कसाबसा आत शिरला. गुडघे हनुवटीला, पोट स्टिअरिंगला. फाटकाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात मी बंद पडले. मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. कुणीतरी ओरडला, "चालवता येत नाही तर घरी बसा!"

खरे सांगते, इतके गोड वाक्य मी आयुष्यात ऐकले नाही.

मग गालिचा निघाला आणि सोललेली वायर सापडली. ती बदलून खाचेत बसवल्यावर साखरतोंड्या घाम पुसत म्हणाला, "अगदीच किरकोळ होतं, मॅडम." किरकोळ! मेकॅनिकने सवयीने गुलाबाचा फवारा मारलाच.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन काही ना काही बनवाल, कुणाची ना कुणाची तक्रार ऐकाल. झाकून ठेवू नका. आणि समोरच्याला खोटे पाडण्याआधी त्याच्या जागेवर बसून बघा, सीट मागे न सरकवता.

इतके होऊनही यजमानांनी किल्लीसाठी पुन्हा हात पुढे केला. बाई म्हणाल्या, "अहो, मागे बसा. ताईंना धरा, रस्ता खराब आहे." मग त्यांनी सीट पुढे ओढली, वास जावा म्हणून चारी काचा खाली केल्या आणि किल्ली फिरवली. त्यांचा हात कापला नाही.