रेकॉर्ड केलेला नवरा

जयदीपने फोन टेबलावर ठेवून बटण दाबलं आणि फोनमधून रत्नाकर बोलू लागला, "अगं, हे कपाट मी विकणार नाही म्हणजे नाही." मागोमाग बिलकिसचा आवाज आला, "मग डोक्यावर घेऊन जा!"

मधुमतीबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. हे त्यांनी बसवलेल्या नाटकातले संवाद होते. निवृत्त होऊन घर आवरणाऱ्या नवराबायकोचं, दोनच पात्रांचं नाटक. पाच आठवडे सौदीतल्या जुबैलमध्ये, मुलाच्या या घरात, त्याच्या तालमी चालल्या होत्या.

"हे कधी केलंत?"

"शनिवारी, रत्नाकरच्या गाडीत. काचा लावल्या की गाडीइतकी शांत जागा नाही," जयदीप म्हणाला. "आई, त्याच्या प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन ठरल्यापेक्षा आधीच आलंय. शुक्रवारी कार्यक्रमाच्या वेळी तो ड्यूटीवर असणार. आवाज त्याचा लावू, स्टेजवर दुसरं कुणी उभं राहील. फक्त ओठ हलवायचे. इथे सगळे असंच करतात."

करत होते खरे. पाळ्यांमुळे माणसं एकत्र जमत नाहीत, म्हणून इथल्या मराठी मंडळाची नाटकं आधी रेकॉर्ड करायची रीतच पडली होती. मधुमतीबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माझ्या नाटकात माणसं बोलतील. त्यासाठी त्यांनी पाळ्यांचा तक्ता फ्रिजवर लावून तालमी आखल्या. रात्रपाळी संपवून रत्नाकर हेल्मेट काखेत मारून यायचा आणि पोहे खाताखाता संवाद म्हणायचा. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!

एकतीस वर्षं त्यांनी अमेरिकेत नाटकं बसवली होती. न्यूयॉर्कला नव्हे, ओहायो, आयोवा, मिनेसोटा अशा ठिकाणच्या गावोगावच्या थिएटरांत. पाच आठवड्यांचा करार, भाड्याची खोली, पहिला प्रयोग, आणि दुसऱ्या दिवशी बॅग उचलून पुढचं गाव. पहिल्या प्रयोगानंतर तिथे दिग्दर्शकाचं काम संपतं. मोठा रंगमंच त्यांना कधी मिळाला नाही. त्यांच्या वाट्याला मागच्या बाजूचं, नव्व्याण्णव खुर्च्यांचं छोटं थिएटर आणि शाळांचे दौरे. मोठ्या नाटकाचं विचारलं, की मालक मंडळी गोड हसून म्हणत, पुढच्या सीझनला नक्की. एकतीस सीझन गेले. पण त्या नव्व्याण्णव खुर्च्यांसमोरही त्यांनी कुणाला खोटे ओठ हलवू दिले नव्हते.

दार वाजलं. बिलकिस तालमीला आली होती. तिचा नवरा यासीन तिला सोडून दुकानात गेला.

"तूसुद्धा रेकॉर्डिंग केलंस?" मधुमतीबाईंनी तिला बसूही दिलं नाही.

"म्हणजे? सेक्रेटरीसाहेब म्हणाले, मावशींना माहीत आहे."

मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे जयदीप, एसीच्या रिमोटशी चाळा करू लागला.

"खलास," मधुमतीबाई म्हणाल्या. "नाटक रद्द. माझं नाव काढून टाका. पुढच्या वर्षी नीट करू."

"पुढच्या वर्षी कोण आहे इथे?" बिलकिस एकदम म्हणाली. "यासीनचा इथे राहायचा इकामा संपतोय, दुकान बंद करून आम्ही दापोलीला चाललो. तिथे माझी सासू मला स्टेजवर चढू देईल? तोंड उघडलं तरी नजर टाकते! मावशी, मला हे एकदाच करायचंय. तुम्ही म्हणाल तर ओठ हलवीन, पण मला करू द्या."

गोड हसणाऱ्या त्या सगळ्या मालकांची तोंडं मधुमतीबाईंना आठवली, आणि स्वतःचीच शरम वाटली.

आयोवात एकदा ऐन प्रयोगाच्या दुपारी नायकाला अपेंडिक्सने गाठलं होतं. बदली नट नव्हता. मग प्रॉम्प्टिंग करणारी बाई स्वेटर घालूनच, हातात वही घेऊन, नायक म्हणून उभी राहिली. तिकडे हे चालतं. लोकांना तसं आधी सांगतात. दहा मिनिटं लोक वहीकडे बघत होते, मग विसरले.

"जयदीप, तू वाचशील. वही हातात घेऊन."

"मी? आई, मला मराठी बोट ठेवून वाचावं लागतं! तूच तर कधी शिकवलं नाहीस. तू कायम कुठल्यातरी गावात. डॅडबरोबर पिझ्झा खात मी तुझी वाट बघायचो, आणि आता तुझ्याच नाटकात..."

बिलकिस पदराशी खेळत खिडकीकडे वळली.

"हो, बघायचास," मधुमतीबाई म्हणाल्या.

"लोक हसतील मला."

"हसू देत. विनोदीच आहे नाटक."

त्याने एक सुस्कारा सोडला आणि वही ओढून घेतली. "चाव्या... कु-ठे... ठेवल्यास?"

"तुमच्या खिशात," बिलकिस म्हणाली.

"म-ला... विचा-र-ल्या-शिवाय..." तो थांबला, बोट खाली घसरलं, आणि त्याने तिसऱ्याच पानावरची ओळ वाचली. "डॉक्टर काय म्हणाले?"

बिलकिस क्षणभर गडबडली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणाले, या माणसाला खिसा चाचपायला शिकवा."

जयदीपने वहीत उत्तर शोधलं. सापडेना, तसा तो वैतागून आईकडे पाहू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" मधुमतीबाई कडाडल्या. "बोलली ती. तिच्याकडे बघ. पुन्हा!"