कोणाच्या पोटात कोण

बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता कचेरीच्या मुख्य संगणकाची डिस्क भरली आणि सगळ्यांचं काम बंद पडलं. हे उघडकीला यायला दुपार झाली, कारण काम बंद पडल्याची तक्रार कोणीच केली नाही.

डिस्क भरली होती प्रोग्रामरबाईने पर्ल भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टने, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांच्या यादीने. बाई कंत्राटी. कंत्राट शुक्रवारी संपत होतं आणि हे काम पार पडलं तरच ते वाढणार होतं. नवऱ्याची नोकरी सुटल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं.

साहेबांचा हुकूम सोपा होता. कचेरीच्या उतरंडीप्रमाणे संगणकावर फोल्डर हवेत. प्रत्येकाचा फोल्डर त्याच्या वरिष्ठाच्या फोल्डरात. हाताने करायला महिना गेला असता. बाईने उतरंडीचा मंजूर तक्ता स्क्रिप्टला वाचायला दिला: माणसाचा फोल्डर कर, आत शीर, त्याच्या हाताखालच्यांचे कर, त्यांच्यात शीर, कोणी उरला नाही की थांब. तक्ता तपासून घ्यावा असं तिला वाटलं होतं. पण त्याच्यावर साहेबांची सही होती, आणि सही तपासणाऱ्याचं कंत्राट वाढत नाही.

घोळ तक्त्यातच होता. कचेरीत उपप्रमुख दोन. आबा नोकरीला आधी लागलेले, बाईसाहेब बढतीत पुढे. त्यांच्यातून विस्तव जात नव्हता. साप मरावा आणि काठीही मोडू नये म्हणून साहेबांनी पत्रव्यवहारात आबांना बाईसाहेबांच्या वर ठेवलं आणि हिशेबात बाईसाहेबांना आबांच्या वर. माणसांनी हे वर्षानुवर्षं निभावून नेलं. स्क्रिप्टला तेवढी समज नव्हती. तिने आबांच्या फोल्डरात बाईसाहेबांचा केला, त्यात आबांचा, त्यात पुन्हा बाईसाहेबांचा, आणि डिस्क संपेपर्यंत ती दोघांना एकमेकांच्या पोटात घालत राहिली.

डबा खाताना टंकलेखक म्हणाला, एवढी वर्षं एका खोलीत न मावणारी माणसं बाईने एका डिस्कवर बसवली. बाई हसली नाही. आबांनी ती फोल्डरांची रांग उघडून पाहिली. बाईसाहेब आपल्या आत दिसताच समाधानाने बंद केली. बाईसाहेबांनी आणखी एक पायरी उतरून तेच केलं. चूक आहे असं दोघांपैकी कोणीच म्हणेना.

बाई साहेबांकडे गेली. तक्त्यात दोघांच्या मधे दोन उलटसुलट बाण आहेत, त्यातला एक पुसावा लागेल, असं तिने सांगितलं.

"पुसा की मग."

"कुठला, सर?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही त्यातल्या जाणकार. ते मी कसं सांगणार?"

दोघांना शेजारी शेजारी ठेवू का, असं तिने विचारून पाहिलं. आबा म्हणाले, खालची जागा एक वेळ चालेल, बरोबरीची चालायची नाही. बाईसाहेबांना आबांशी एकमत होणं मान्य नव्हतं, तरी त्याही तेच म्हणाल्या.

गुरुवारी बाईने डिस्क साफ केली. आधी येऊन गेलेलं नाव पुन्हा आलं की स्क्रिप्ट आता तिथेच थांबून विचारते: वर कोण? उत्तर द्यायला कोणी तयार नव्हतं.

कंत्राटवाढीच्या कागदावर दोन्ही उपप्रमुखांची शिफारस लागते आणि रिवाज असा, की खालच्याने आधी सही करायची. बाई कागद घेऊन आबांकडे गेली.

"अगं, माझी काही हरकत नाही," आबा म्हणाले. "त्यांची होऊ दे आधी, लगेच करतो."

बाईसाहेबांचीही हरकत नव्हती. आबांची झाली की लगेच करते, म्हणाल्या.

शुक्रवारी साडेपाचला साहेब आठवड्याच्या रजेवर गेले. बाईने आणून ठेवलेला कागद त्यांच्या टेबलावर होता. कचेरी बंद झाली तेव्हा त्यावर एकही सही नव्हती आणि बाईच्या पडद्यावर स्क्रिप्ट उत्तराची वाट पाहत थांबली होती.